उजव्या खांद्याची उशी

धाकटीचा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर आला होता. थोरलीने डोळे मिटून पुन्हा उघडले, खोलीतल्या मिणमिणत्या उजेडाचा दोष असेल म्हणून मान कलती करून पाहिलं, पण खांदा काही खाली येईना. चांगला बोटभर वर होता. जन्मापासून जो खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली, आणि तो खाली आहे हे साऱ्या जगात जिला एकटीला माहीत, तिच्याच डोळ्यांदेखत तो या लाकडी भट्टीत ऐटीत वर चढून बसला होता. कारण लक्षात यायला तिला फार वेळ लागला नाही. सॉनाच्या या गरम खोलीत शिरण्याआधी सगळ्यांनी शॉवरखाली उभं राहायचं असा इथला नियम होता, धाकटी त्या नियमाप्रमाणे चांगली न्हाऊन आली होती, आणि तिच्या पोहण्याच्या पोशाखाच्या उजव्या पट्टीत थोरलीने स्वतःच्या हातांनी शिवलेली उशी पाणी पिऊन टम्म फुगली होती.

तिचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि कापडाच्या बाबतीत ती नाकावर माशी बसू देत नसे. सुती किती आटतं, रेशीम कुठे सरकतं, लोकर वाफेखाली कशी वळते, हे तिच्या बोटांना झोपेतही कळे. पण पाण्यात घालायचा कपडा तिने जन्मात शिवला नव्हता. मागच्या आठवड्यात धाकटीने फर्मान काढलं, की त्या नव्या सॉनात तुला घेऊन जाणार, आधी गरम खोली आणि मग बर्फाच्या पाण्याची टाकी, सगळं शहर जातंय, आपण दोघींनीच काय घोडं मारलंय, आणि पोशाख लागतील ते बाजारातून आणू. बाजारातून हा शब्द ऐकल्याबरोबर थोरलीने दोघींचे पोशाख शिवायला घेतले. उशीत नेहमीचा कापूस चालणार नव्हता, तो भिजला की त्याचा लगदा होतो. म्हणून तिने शिवणाच्या सामानाच्या दुकानात जाऊन पाण्यात टिकेल असं काहीतरी मागितलं. दुकानदाराने पुठ्ठ्यासारखा पातळ, कडक स्पंज काढून दिला आणि हा पाण्यातलाच माल आहे म्हणून सांगितलं. होताच तो पाण्यातला. तिने तो थरावर थर लावून अर्धचंद्रासारखा बेतला, कडा तासल्या, पट्टीत बसवला आणि आरशासमोर धरून पाहिला. कोरडा असताना इतका बेमालूम बसला होता, की ती स्वतःवरच खूश होऊन चहा करायला उठली. भिजवून पाहावं हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. शिवलेला कपडा गिऱ्हाइकाला देण्याआधी बादलीत बुडवायचा, अशी तिच्या धंद्यात पद्धतच नव्हती.

आता धाकटी वरच्या फळीवर भिंतीला टेकून बसली होती आणि थोरली तिच्या पायाशी, खालच्या फळीवर. समोर काचेचं दार होतं. त्यात बाहेरच्या अंधाऱ्या बोळामुळे आतली माणसं अंधूक उमटत होती, आणि धाकटीने नुसती मान उचलून तिकडे नीट पाहिलं असतं तर संपलं होतं. तिने अजून तरी पाहिलं नव्हतं. ती डोळे मिटून मजेत घामाघूम होत होती. थोरलीने जरा सरकून तिच्या आणि दाराच्या मध्ये यायचा प्रयत्न केला, पण फळी तापलेली होती आणि सरकताना मांडीला चटका बसला. तिचा हात सवयीने गळ्याकडे गेला. घोर लागला की ती गळ्यातली मापाची टेप दोन्ही हातांनी धरते, पण टेप बाहेर कपाटात होती, कपड्यांसोबत, चष्म्यासोबत, घड्याळासोबत. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली होती, की इथे येताना सगळं मागे ठेवायचं. थोरलीला कपडे काढताना फारसं काही वाटलं नव्हतं. टेप काढताना मात्र उघडं पडल्यासारखं झालं होतं.

तशी ही जागा तिच्या चांगल्या ओळखीची. इथे सॉना व्हायच्या आधी कापडाचं गोदाम होतं आणि अस्तराचं कापड घ्यायला ती इथेच येई. हे दगडी खांब तेच. या खांबांना टेकून तागे रचलेले असत, आणि गोदामाचा म्हातारा मालक तिला तागा उलगडून दाखवताना तिच्या हातांच्या सुरकुत्यांची चौकशी करी. आता त्याच ठिकाणी माणसं फळ्यांवर एकावर एक रचून ठेवली होती. एक दाढीवाला तरुण, त्याच्या दंडावर सबंध जंगल गोंदलेलं. एक काटकुळी बाई, तिची पाठीची दोन हाडं अशी वर आलेली की तिला शिवताना मागे चुण्या द्याव्या लागतील. एक पोटसुटे गृहस्थ, यांचा सदरा पुढून नेहमी आखूड पडत असणार आणि बिचारे शिंप्याला दोष देत असणार. थोरलीने मनातल्या मनात सगळ्यांची मापं घेतली आणि तिला जरा बरं वाटलं. कपड्यांशिवाय माणसं किती निरागस दिसतात, आणि किती वाकडी. एकही सरळ नव्हता. कोणाची कंबर एकीकडे, कोणाचं मान पुढे काढून बसणं, कोणाचा एक पाय आखूड. आणि ते सगळे एकमेकांसमोर खुशाल बसले होते, जणू यात दडवण्यासारखं काही नाही. मग आपणच का एवढ्या घाबरलो, असा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो लगेच झटकून टाकला, कारण तिच्या घाबरण्याला तसंच कारण होतं.

कारण झग्याचं होतं. धाकटी लग्न करणार होती. चाळिशी ओलांडल्यावर, कॉलेजात भूगोल शिकवता शिकवता, दाढ दुखते म्हणून एका दातांच्या डॉक्टरकडे गेली आणि दाढ काढून येण्याऐवजी डॉक्टरच घेऊन आली, असं थोरली सगळ्यांना हसत सांगे. तिला तो माणूस आवडला होता. उंच, अघळपघळ, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघणारा. लग्न सह्या करून, थोडक्यात होणार होतं, पण कपडा थोरलीच शिवणार हे न बोलता ठरलेलं होतं, कारण धाकटीच्या अंगाला आजवर दुसऱ्या कुणाची सुई लागली नव्हती. आणि मग एका सकाळी धाकटीने फोनवर एक चित्र दाखवलं. लांब, साधा, मोतिया रंगाचा झगा. सुंदरच होता. फक्त त्याला खांदेच नव्हते. बाही नाही, पट्टी नाही, गळ्यापासून दंडापर्यंत सगळं मोकळं. थोरलीने चित्र बघितलं आणि म्हणाली, तुला शोभणार नाही. मग म्हणाली, असलं कापड मिळत नाही. मग म्हणाली, त्या दिवसांत थंडी असते, सर्दी होईल. महिनाभर ती कधी हे कारण, कधी ते कारण पुढे करत राहिली, आणि धाकटी तिच्याकडे नुसती बघत राहिली. शेवटी परवा धाकटी शांतपणे म्हणाली, की तुला शिवायचा नसेल तर तयार विकत घेते. त्या रात्री थोरलीला झोप आली नाही. मोकळ्या खांद्यांच्या झग्यात उशी कुठे लपवणार? लग्नाच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, फोटो काढताना, हिला पहिल्यांदा कळणार की आपण एका बाजूला उतरत्या आहोत. आणि सांगितलं नाही तर असं कळणार, आणि सांगायचं तर कुठल्या तोंडाने सांगायचं.

आई शिवणकाम करायची. धाकटी जन्मली तेव्हा थोरली जाणती होती, परकरी वयाच्या जराशी पुढची, आणि घरात बाळाला अंघोळ घालायचं काम तिच्याकडे आलं. तांब्याने पाणी ओतलं की ते उजव्या बाजूने आधी ओघळे. तिला वाटे आपण तांब्या तिरका धरतो. मग एकदा आईला विचारलं, तेव्हा आईने सांगितलं. बाळंतपण अवघड गेलं होतं, ओढताना खांद्याचं काहीतरी झालं होतं, डॉक्टर म्हणाला होता हात चांगला चालेल, तेवढं बघा. हात चांगला चालत होता. खांदा तेवढा खाली राहिला. धाकटी शाळेत जायला लागली तेव्हा आईने तिच्या गणवेशात पहिली उशी शिवली, तळहातात मावेल एवढी, चिंध्यांची, इतकी मऊ की पोरीला कळलं नाही. त्याला उशी हे नाव आईनेच दिलं. आणि आई आजारी पडली, मशीनवर बसणं बंद झालं, तेव्हा तिने थोरलीला जवळ बोलावून जे काही सांगितलं त्यात दागिने नव्हते, घर नव्हतं. तिचा खांदा सांभाळ, एवढंच होतं. तिला कधी कळू देऊ नकोस. मुली स्वतःला आरशात बघतात आणि मग आयुष्यभर तेवढंच बघतात. थोरलीने ते शब्द जसेच्या तसे जपले. सणंगं बदलली, फॅशन बदलल्या, धाकटीचं शरीर बदललं, आणि प्रत्येक फ्रॉकमध्ये, सदऱ्यात, कोटात, स्वेटरच्या आत टाचलेल्या पट्टीत उशी जात राहिली. उन्हाळ्यासाठी पातळ, कोटासाठी चार पदरी. माप घेताना थोरली म्हणायची, सरळ उभी राहा, आणि धाकटी सरळ उभी राही, आणि थोरली डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत टेप लावी. उजव्या बाजूला तिने टेप कधीच लावली नाही. लावली असती तर धाकटीने विचारलं असतं, की दोन्हीकडून कशाला. उजवी बाजू ती नजरेच्या अंदाजाने बेतायची, आणि ती नजरसुद्धा अशी चोरटी की समोरच्याला कळू नये.

आणि हे इतकं डोळ्यांत तेल घालून केलेलं, त्यात मध्येच तो लॉन्ड्रीवाला आला. धाकटी कॉलेजात शिकवायला लागली तेव्हा थोरलीने तिला एक निळा कोट शिवला होता. वर्षभराने तो बटणं बदलायला आला, तेव्हा थोरलीने आत हात घातला आणि तिच्या अंगावर काटा आला. उशी जागेवर होती, पण टाके तिचे नव्हते. तिचे टाके बारीक, एकदोरी, दिसू न देणारे. हे मोठमोठाले, दुहेरी दोऱ्याचे, शेवटी एवढी जाड गाठ मारलेली, आणि निळ्या अस्तरावर चक्क काळा दोरा. तिने तडक लॉन्ड्री गाठली. धुताना माझी शिवण उसवता आणि वर असले टाके घालता, असं ती त्या बापड्याला चारचौघांत बोलली. तो आपला हात जोडून म्हणत राहिला, की बाई, मी इस्त्री करतो, मला सुईत दोरा ओवता येत नाही. तिने विश्वास ठेवला नाही. लॉन्ड्री बदलली. तरी पुढच्या वर्षी पुन्हा कुठल्याशा सदऱ्यात तेच टाके, तीच गाठ. तेव्हा तिने हात टेकले आणि सगळ्या लॉन्ड्रीवाल्यांची जातच तशी असा निकाल देऊन टाकला. प्रत्येक वेळी ती ते टाके काढायची आणि आपले घालायची. एवढं बरं की धाकटीच्या लक्षात येत नाही, असं म्हणून तिचा जीव भांड्यात पडायचा.

दार उघडलं आणि गार हवेची एक झुळूक आत आली. टॉवेलवाला आला होता. त्याचं काम एवढंच होतं, तापलेल्या दगडांवर सुगंधी पाणी ओतायचं आणि मग मोठा टॉवेल हवेत फिरवून ती वाफ सगळ्यांच्या अंगावर सोडायची. त्याने हे काम फार गांभीर्याने केलं. दगड चुरचुरले, खोलीत लाकडाचा आणि कसल्याशा पाल्याचा वास भरला, आणि मग टॉवेलचा फटकारा बसला तशी वाफेची एक लाट थोरलीच्या तोंडावर येऊन आदळली. तिच्या नाकातून आत गेलेली हवा भाजत गेली. तिने कान दोन्ही हातांनी झाकून घेतले. पोटसुटे गृहस्थ आनंदाने कण्हले. आणि या सगळ्या गडबडीत धाकटी वाकून दाराच्या काचेकडे बघत होती, हे थोरलीला दिसलं. काचेत धाकटीही दिसत होती, चेहरा नाही, नुसती बाह्यरेषा, उजवीकडून वर चढलेली. थोरली उठायला गेली. काहीतरी बोलावं, तिला बाहेर न्यावं, चक्कर आल्याचं सोंग करावं, असं सगळं एकदम तिच्या मनात आलं. लग्नापर्यंत थांबायला नको होतं तर, आजच होणार होतं ते. आईला दिलेला शब्द दोन बोटांच्या स्पंजापायी मोडणार होता.

धाकटीने मान वळवली, डाव्या हाताने उजवी पट्टी दातांशी ओढली, आणि जिथे थोरली नेहमी शेवटची गाठ लपवते बरोबर तिथे दात लावून दोरा तोडला. मग दोन बोटांनी उशी बाहेर काढली. ती भिजून पावासारखी झाली होती. तिने ती घट्ट पिळली, पाणी तापलेल्या फळीवर पडून दिसेनासं झालं, आणि मग तिने उशी आपल्या दोघींच्या मध्ये ठेवून दिली.

"ताई, या वेळेला ही कसली घातलीस गं?" ती म्हणाली.

"स्पंज," थोरली म्हणाली. धंद्याचा प्रश्न होता, उत्तर आपोआप आलं. मग तिने उशीकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं, आणि 'या वेळेला' हे शब्द तिच्या मनात सावकाश उतरले.

धाकटी म्हणाली, की कापूसच बरा होता, धुताना काढून ठेवता यायचा. अगदी सहज म्हणाली. शाळेच्या सहलीत एकदा मैत्रिणीचा सदरा घातला तेव्हा तो एका बाजूने लोंबायला लागला, तिला वाटलं मैत्रिणीच्या शिंप्याला शिवता येत नाही. घरी आल्यावर तिने आपला गणवेश आतून उलटा करून पाहिला आणि उशी सापडली. तेव्हापासून ठाऊक होतं. पुढे कपडा धुवायला टाकताना ती उशी काढायची आणि वाळल्यावर पुन्हा शिवायची. शिवण तिला कधीच जमली नव्हती, आईने आणि थोरलीने मिळून तिला सुईच्या जवळ येऊ दिलं नव्हतं, पण जमेल तसं करायची.

थोरलीला आधी राग आला. अगदी खरा राग. ती म्हणाली, "निदान दोरा तरी कापडाच्या रंगाचा घ्यायचास. निळ्यावर काळा?"

"होता तो घेतला," धाकटी म्हणाली आणि हसायला लागली. काटकुळ्या बाईने भिंतीवरच्या शांतता राखा या पाटीकडे बोट दाखवलं. दोघींनी तोंडावर हात ठेवले. थोरलीला एकदम तो लॉन्ड्रीवाला आठवला, हात जोडून उभा असलेला, आणि ती कुजबुजत म्हणाली, की त्या माणसाला मी काय काय बोलले गं. धाकटीने सांगितलं, की ती दुसऱ्याच दिवशी जाऊन त्याची माफी मागून आली होती, सगळं खरं सांगून. त्यालाही उशी माहीत होती. अजून वाटेत भेटला की हसतो. साऱ्या जगात एकटीला माहीत असलेली गोष्ट लॉन्ड्रीवाल्याला माहीत होती, आणि एव्हाना दातांच्या डॉक्टरलाही माहीत असणार. तसं तिने विचारलंच. धाकटी म्हणाली, हो, तो म्हणतो, पर्स अडकवायला वाईट पण डोकं टेकवायला हाच खांदा बरा. हे सांगताना ती लाजली, या वयात, या घामाघूम अवस्थेत, आणि थोरलीच्या मनात माया आणि मत्सर दोन्ही एकदम उठले आणि कोणता कुठला ते तिला कळेना.

"मग मला सांगितलं का नाहीस?" तिने विचारलं.

"तू मला सांगितलंस?" धाकटी म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. मग थोडा वेळ ती गुडघ्यावरचा घाम पुसत राहिली आणि खाली बघूनच म्हणाली, "माप घेताना तू तिकडे बघायचीसच नाहीस, ताई. एकदाही नाही. मला वाटायचं, तुला बघवत नाही."

टॉवेलवाल्याने पुन्हा पाणी ओतलं असावं, कारण दगड चुरचुरले आणि माणसं कण्हली, पण थोरलीला ते दुसऱ्या कुठल्यातरी खोलीत चाललंय असं वाटलं. तिला बोलायचं होतं. बघवत नाही असं नव्हतं, उलट होतं, मी दुसरं काही बघतच नव्हते, दुकानात, रस्त्यात, तू झोपलीस की, तू पाठमोरी फळ्यावर लिहीत असशील असं नुसतं डोळ्यांपुढे आणूनसुद्धा, मी तेवढंच बघत होते. पण हे बोलायला लागल्यावर त्याचा अर्थ काय होईल हेही तिला दिसलं. आई म्हणाली होती, मुली स्वतःला आरशात बघतात आणि मग आयुष्यभर तेवढंच बघतात. आरशात न बघता ते सगळं आयुष्यभर थोरलीनेच बघून टाकलं होतं, पोरीच्या वाटचंही. आणि जिच्यासाठी हे केलं ती समोर बसून वेगळंच समजत होती, की बहिणीला आपली लाज वाटते. हे कळल्यावर तिला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. धाकटीने तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहान मुलाच्या ठेवावा तसा, आणि म्हणाली, चल, बाहेर चल, नाहीतर इथेच शिजशील.

बर्फाच्या पाण्याची टाकी अंगणात होती, गोल, लाकडी, छातीएवढी खोल. पाण्यावर बर्फाचे खडे तरंगत होते. गोंदलेला तरुण आत उतरून डोळे गच्च मिटून उभा होता, आणि बाहेर पडताना त्याने असा काही आवाज काढला की त्याच्या दंडावरच्या जंगलाला शोभावा. थोरली म्हणाली, मी नाही बाई, मी इथेच बरी. धाकटी शिडीवरून खाली उतरली. तिचा श्वास अडकला, ओठ निळसर झाले, आणि तिने हात वर केला, ये म्हणून. उघड्यावर, दिवसाच्या उजेडात, उशीशिवाय, तिचा उजवा खांदा जिथे होता तिथे होता, खाली, आणि रिकामी पट्टी त्यावरून घसरत होती. आजूबाजूला माणसं येत-जात होती. कोणीही बघत नव्हतं. थोरली शिडी उतरली.

पाणी पायाला लागलं तेव्हा ते थंड नव्हतं, दुखणं होतं. कमरेला आलं तेव्हा तिच्या तोंडून सुटलेला आवाज स्वतःचा आहे हेही तिला कळलं नाही. श्वास आत गेला तो बाहेर येईना. डोक्यात काही उरलं नाही, आई नाही, झगा नाही, दिलेला शब्द नाही, फक्त एक पांढरी किंकाळी होती, आणि तिने जे हाताला लागलं ते गच्च धरलं. धाकटीचा खांदा होता तो. उजवा. कापड मध्ये नसताना तिने तो शेवटचा धरला होता तेव्हा तो तिच्या मुठीत मावत होता आणि त्यावरून तांब्यातलं पाणी ओघळत होतं. आता तो रुंद होता, गार होता, काटा आलेला होता, आणि तिच्या तळव्याखाली त्याचा उतार नेमका आणि ओळखीचा होता. किती वेडी, तिला वाटलं, इतकी वर्षं अंदाजाने.

"सोड, लागतंय," धाकटी दात वाजवत म्हणाली.

"लागू दे," थोरली म्हणाली, पण पकड तिने सैल केली.

नंतर त्या दोघी टॉवेलचे पांढरे, जाड झगे घालून विसाव्याच्या खोलीत बसल्या. हातात गरम पाण्याचे पेले होते आणि अंगभर मुंग्या धावत होत्या. थोरलीला आपलं शरीर कुणीतरी धुऊन, पिळून, उन्हात टाकल्यासारखं वाटत होतं. खिडकीतून जुन्या गोदामाचं अंगण दिसत होतं. धाकटीने लग्नाच्या झग्याचा विषय पुन्हा काढला नाही. काढणारही नव्हती, हे थोरलीला कळत होतं, ती नुसती वाट बघणार होती, जशी इतकी वर्षं पाहिली. थोरलीचा हात गळ्याकडे गेला आणि रिकामा परत आला. मग तिने आपल्या झग्याचा पट्टा सोडवून घेतला, लांब, मऊ, पांढरा, आणि उठून उभी राहिली.

"ऊठ," ती म्हणाली. "माप घ्यायचंय."

धाकटीने पेला खाली ठेवला, झगा खांद्यांवरून खाली घेतला आणि सवयीने ताठ झाली, हनुवटी वर, खांदे मागे, जशी ती शाळेपासून उभी राहत आली होती, डावा खांदा दाबून, उजवा त्याच्या बरोबरीला ओढत.

"सरळ नको," थोरली म्हणाली. "जशी आहेस तशी उभी राहा."

धाकटीने एक श्वास सोडला आणि तिचे खांदे आपापल्या जागी गेले. थोरलीने आधी डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत पट्टा धरला, नेहमीसारखा, आणि खांद्याशी एक गाठ मारली. मग ती उजवीकडे आली. तिने घाई केली नाही. पट्ट्याचं टोक कमरेशी दाबून धरलं, वर खांद्यापर्यंत नेलं, आणि समोर उभी राहून, डोळे न चुकवता, त्या खांद्याकडे पाहत राहिली. धाकटी तिच्याकडे पाहत होती. मग थोरलीने दुसरी गाठ मारली. जाताना टॉवेलवाल्याने नम्रपणे आठवण करून दिली, की पट्टा इथलाच आहे. तिने सांगितलं की उद्या आणून देते, माप उतरवून घेतलं की लगेच. पट्टा गळ्यात टाकून ती धाकटीच्या उजव्या बाजूने चालू लागली, आणि रस्त्यावर येईपर्यंत बोटांनी त्या गाठी चाचपत राहिली. दोन्ही जिथे मारल्या होत्या तिथेच होत्या, एक वर, एक दोन बोटं खाली.